डब्यावरचे वॅट आणि पिवळ्या तारेचे वॅट

या पानावर आम्ही आजवर सूत, कोरे कापड, उधारी आणि वसुली याविषयी लिहीत आलो. आजचा विषय आमच्या गादीवरचा नाही. मालेगावात आमच्या भाच्याचे कॉम्प्युटर असेंबल करून विकण्याचे लहानसे दुकान आहे. त्या दुकानात आमची थोडी रक्कम गुंतलेली आहे, आणि तिथे २०२३ साली जे नुकसान झाले त्यात आमच्या सल्ल्याचाही हिस्सा आहे. त्या नुकसानीतून जे शिकलो ते इतरांच्या उपयोगी पडावे एवढ्याचसाठी हा खटाटोप. गेमिंग कॉम्प्युटर म्हटले की पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. मुलांनी खेळावे की नाही आणि किती वेळ खेळावे, हा या पानाचा प्रश्न नव्हे. जे यंत्र खेळासाठी लागते तेच लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग आणि इमारतींचे नकाशे यांसाठीही घेतले जाते. शिवाय आपल्या गावोगावचे तरुण हे यंत्र जोडून विकण्याच्या धंद्यात उतरत आहेत. धंदा म्हटला की त्याचा हिशेब आलाच.

प्रथम घडलेली हकीकत सांगतो.

एका चार लूमवाल्या घरातला तरुण भाच्याकडे आला. त्याला खेळायचेही होते आणि लग्नाच्या व्हिडिओंची कामेही घ्यायची होती. भाच्याने त्याला आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड, आय-५ १२४००एफ हा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम अशी यादी करून दिली. मॉनिटर सोडून बेरीज ६८ हजारांच्या आसपास गेली. गिऱ्हाइकाची ऐपत ६५ हजारांची. दुसऱ्या दुकानाने तेवढ्यातच करून देतो असे सांगितलेले. भाच्याने आम्हाला फोन केला, "मामू, काय करू? कार्ड आणि प्रोसेसर तो नावाने विचारतो, त्यात हात घालता येत नाही." आम्ही चाळीस वर्षे कापडाच्या भावात घासाघीस करत आलेली माणसे. आम्ही विचारले, "जे तो नावाने विचारत नाही असे यादीत काय आहे?" तो म्हणाला, "एसएमपीएस." आम्ही म्हणालो, "मग तिथे हात आखड."

त्याने आखडला. सुमारे ३८०० रुपयांचा ५५० वॅटचा चांगला सप्लाय काढून मुंबईच्या घाऊक बाजारातून आणलेला ८०० रुपयांचा सप्लाय बसवला. त्याच्या डब्यावर ठळक अक्षरांत ४५० वॅट असे छापलेले होते.

यंत्र सुरू झाले, चांगले चालले. तक्रार महिन्याभराने आली. खेळ रंगात आला की कॉम्प्युटर एकदम बंद होतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. टायपिंग करताना, सिनेमा पाहताना काही होत नाही. भाच्याने रॅम बदलून पाहिली, विंडोज पुन्हा टाकले, कार्ड वॉरंटीत पाठवले. कार्ड तीन आठवड्यांनी "दोष नाही" अशा शेऱ्यासह परत आले. पुढे एके रात्री त्या तरुणाने एका लग्नाचा व्हिडिओ रेंडरला लावला, आणि फटाक्यासारखा आवाज होऊन सर्व अंधार. सप्लाय गेला, जाताना मदरबोर्ड आणि एसएसडी घेऊन गेला. त्या एसएसडीत त्या लग्नाचे सगळे चित्रण होते, आणि कॅमेऱ्याची कार्डे पुढच्या कामासाठी पुसलेली होती.

भाच्याने मदरबोर्ड आणि एसएसडी पदरचे घातले, सप्लाय नवा दिला. १८ हजारांच्या वर गेले. तो आणि तो तरुण मिळून त्या लग्नघरी माफी मागायला गेले. तिथे काय बोलणे झाले ते भाच्याने आम्हाला सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. वाचवले होते तीन हजार.

आता मूळ मुद्द्याकडे वळू.

एसएमपीएस, म्हणजे ज्याला पॉवर सप्लाय म्हणतात तो, कॉम्प्युटरच्या पेटीतला लोखंडी डबा होय. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घेऊन तिची १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट अशी एकाच दिशेने वाहणारी वीज करून देणे हे त्याचे काम. पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची आणि काळी परतीची. हल्ली पुष्कळ सप्लायांत सर्वच तारा काळ्या येतात, परंतु नियम तोच. जुन्या काळी कॉम्प्युटरची बरीचशी भूक ५ आणि ३.३ व्होल्टची असे. आजच्या यंत्रात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे खाणारे आहेत, आणि दोघेही १२ व्होल्टवर जेवतात. म्हणून गेमिंग कॉम्प्युटरसाठी सप्लाय पाहायचा म्हणजे पिवळी तार पाहायची, हे पहिले लक्षात ठेवावे.

वॅट काढण्याची रीत शाळेत शिकवलेलीच आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि वॅट, व्होल्ट तिथेही हेच होते. त्यामुळे गणित अवघड आहे अशी सबब आम्हाला सांगता येत नाही.

जळालेला सप्लाय भाच्याने आमच्यासमोर ठेवला तेव्हा आम्ही चष्मा लावून त्याच्या अंगावरचे बारीक लेबल वाचले. त्यावर १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर असे लिहिलेले होते. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. डब्यावर ४५० आणि पिवळ्या तारेवर १९२! बाकीचे वॅट कुठे गेले? ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत मोठमोठे अँपिअर दाखवून बेरीज फुगवलेली होती, आणि तेवढी फुगवूनही ती ४५० पर्यंत पोहोचत नव्हती. ज्या तारेवर आजचे यंत्र फारसे काही मागत नाही तिच्यावर उदारपणा आणि जिच्यावर मागते तिच्यावर हात आखडता.

आमच्या व्यवसायात तागा घेताना काठावरचा शिक्का वाचून कोणी दाम देत नाही. शिक्क्यावर ५२ पीक लिहिलेले असते, आपण भिंग लावून इंचातले धागे मोजतो आणि ४८ भरले तर तिथेच भाव तोडतो. पन्ना टेपने मोजतो, वजन काट्यावर करतो. तीच माणसे आम्ही, आणि या डब्यावरचा मोठा आकडा वाचून समाधान मानले. खरे पाहता विकणाऱ्याने १६ अँपिअर लपवलेही नव्हते. लेबलावर छापलेले होते. आम्ही वाचले नाही.

आता त्या यंत्राची भूक मोजू. आरटीएक्स ३०६० कार्डाची भूक कंपनी १७० वॅट सांगते. प्रोसेसरच्या बाबतीत एक फसगत आहे. आय-५ १२४००एफच्या बाबतीत ६५ वॅट हा आकडा सर्वत्र दिसतो, परंतु तो सावकाश चालण्याचा आकडा आहे. पूर्ण जोरात धावताना तो ११७ वॅटपर्यंत जातो, आणि इंटेल स्वतःच्या माहितीपत्रकात हे दोन्ही आकडे देते. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे मिळून ५० धरू. बेरीज ३३७ वॅट. यातील कार्ड आणि प्रोसेसर मिळून २८७ वॅट निव्वळ १२ व्होल्टवर, म्हणजे २४ अँपिअर. सप्लाय स्वतःच्या लेबलाप्रमाणे १६ देणारा. सोळा बैलांचे ओझे चोवीस बैलांच्या गाडीवर लादले तर चालेल, इथे चोवीसांचे सोळांवर लादलेले होते. नवल ते इतके दिवस चालले याचे!

याउलट ३८०० रुपयांच्या त्या ५५० वॅटच्या सप्लायवर १२ व्होल्टला ४५ अँपिअर लिहिलेले आहे. पंचेचाळीस गुणिले बारा, ५४०. चांगल्या मालाची पहिली ओळख हीच की १२ व्होल्टचे वॅट आणि डब्यावरचे वॅट यांत फारसे अंतर नसते. दुकानात उभ्या उभ्या, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होणारी ही परीक्षा आहे.

मग ३३७ वॅटला ३५० चा सप्लाय का चालू नये? ही गोष्ट लूमवाल्यांना इतरांपेक्षा लवकर कळेल.

साध्या लूमला एक हॉर्सपॉवरची मोटर धरली तर ती ७४६ वॅटची झाली. परंतु ७४६ वॅटच्या हिशेबाने फ्यूजची तार टाकली तर मोटर सुरू करतानाच फ्यूज उडेल. कारण थांबलेली मोटर थेट सुरू केली की पहिल्या क्षणी ती चालू असतानाच्या पाच ते सात पट करंट ओढते आणि मग शांत होते. शुक्रवारची सुट्टी संपून लूम पुन्हा सुरू होतात तेव्हा आजूबाजूच्या घरांतले दिवे क्षणभर मंद होतात, ते याचमुळे. म्हणून वायरिंग करणारा मिस्त्री चालू ओझे धरत नाही, सुरुवातीचा झटका धरतो.

ग्राफिक्स कार्डाचेही असेच आहे. फरक इतकाच की मोटर झटका एकदाच देते आणि कार्ड खेळ चालू असेपर्यंत वारंवार देत राहते. पडद्यावर स्फोट झाला, धूर निघाला, दृश्य एकदम पालटले की कार्डाची भूक सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती दीडपट-दुप्पट होते. कंपनी सांगते ते १७० वॅट ही सरासरी असते, शिखर नव्हे. २०२० साली आरटीएक्स ३०८० आणि ३०९० ही कार्डे आली तेव्हा चांगल्या नावाचे सप्लायसुद्धा खेळाच्या मध्यात बंद पडत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. सप्लायमधील संरक्षक यंत्रणेला तो झटका म्हणजे बिघाड वाटे आणि ती वीज तोडून टाकी. पुढे २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हा नवा दंडक आला. त्यात मोठ्या कार्डांसाठीच्या सप्लायने १०० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग, आपल्या वॅटच्या दुपटीपर्यंतचा झटका सोसला पाहिजे अशी अट घातलेली आहे. नवीन घेणाऱ्याने डब्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ असे लिहिले आहे का ते पाहावे. लहान कार्डाला ते नसले तरी चालते, मोठ्याला असावेच.

तेव्हा आमची रीत अशी ठरली आहे: सर्व भागांची पूर्ण जोरातली भूक मांडावी, बेरजेची दीडपट करावी आणि तिच्यावरचा बाजारात मिळणारा पहिला आकडा घ्यावा. ३३७ ची दीडपट ५०५, म्हणून ५५०. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅटचे आहे, त्यालाही कंपनी ५५० च सुचवते. ४०७० हे २०० वॅटचे, त्याला ६५०. ३०८० हे ३२० वॅटचे, त्याला ७५०. ४०९० हे ४५० वॅटचे, त्याला ८५०, आणि २०२५ मध्ये आलेले ५०९० तर ५७५ वॅटचे, त्याला १०००. कंपनीचा आकडा कार्डाच्या भुकेपेक्षा एवढा मोठा का असे पुष्कळजण विचारतात. तुम्ही बाजूला कोणता प्रोसेसर बसवणार हे तिला ठाऊक नसते. १२४००एफ ११७ वॅटवर थांबतो, तर आय-९ १३९००के २५३ पर्यंत जातो. म्हणून कंपनीचा आकडा मार्गदर्शक समजावा आणि बेरीज स्वतः करावी.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नुकसान झाल्यावर भाच्याने काही दिवस सर्वांनाच ८५० वॅटचे सप्लाय सुचवायला सुरुवात केली. भीतीपोटी केले, परंतु तोही गिऱ्हाइकावर अन्यायच. ११५ वॅटचे कार्ड घेणाऱ्याने ८५० चा सप्लाय घेऊन त्याचे यंत्र जलद होणार नाही. सप्लाय जितका लागेल तितकाच देतो, डब्यात वॅट आहेत म्हणून कार्ड जास्त खात नाही. वरचे चार-पाच हजार त्याने कार्डात किंवा रॅममध्ये घातले तर त्याच्या पदरात काही पडेल. पुढे मोठे कार्ड घेण्याचा पक्का इरादा असेल तर गोष्ट वेगळी.

आता ब्रॉन्झ, गोल्ड या शिक्क्यांविषयी. २००४ साली अमेरिकेत ८० प्लस या नावाची योजना सुरू झाली. सप्लाय भिंतीतून जेवढी वीज घेतो त्यातील किती पुढे देतो आणि किती उष्णतेत घालवतो, याची ती परीक्षा. साधा ८० प्लस म्हणजे शेकडा ८० पुढे पोहोचतात. अर्ध्या ओझ्यावर ब्रॉन्झचे ८५ आणि गोल्डचे ९०. हे आकडे ११५ व्होल्टच्या चाचणीचे आहेत, आपल्या २३० वर किंचित चांगलेच मिळतात. मात्र हा शिक्का काटकसरीचा आहे, मजबुतीचा नव्हे. गोल्ड म्हणजे जास्त वॅट असा समज पुष्कळ तरुणांचा आहे, तो चुकीचा आहे.

गोल्ड घ्यावा की नाही, हा तर सरळ दुकानदारी हिशेब. यंत्र ३०० वॅट खात असेल तर ब्रॉन्झ भिंतीतून ३५३ घेईल, गोल्ड ३३३. फरक २० वॅटचा. घरी रोज पाच तास चालवले तर महिन्याला ३ युनिट. युनिटचा दर १० रुपये धरला तर ३० रुपये. गोल्डसाठी २००० रुपये जास्त मोजले असतील तर ते फिटायला साडेपाच वर्षे लागतील. घरच्यासाठी ब्रॉन्झ पुरे. परंतु गेमिंग पार्लरमध्ये यंत्र रोज बारा तास चालत असेल तर महिन्याला ७ युनिटांच्या वर, म्हणजे ७२ रुपये, आणि रक्कम २८ महिन्यांत वसूल. त्यानंतर प्रत्येक यंत्रामागे निव्वळ बचत. ज्यांना सहा-आठ यंत्रांचे पार्लर टाकायचे आहे त्यांनी आपल्या बिलावरचा खरा दर घालून हा हिशेब स्वतः मांडावा.

आपल्या गावचा उन्हाळा हा तर स्वतंत्र विषय आहे. एप्रिल-मे महिन्यांत मालेगावात पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याच्या खोलीत, कपाटाच्या फटीत ठेवलेल्या पेटीच्या आत त्याहून किती तरी जास्त. सप्लायचे वॅट कोणत्या उष्णतेला मोजलेले आहेत ते चांगला कारखानदार लिहितो, ४० किंवा ५० अंश. हलक्या मालावर काहीच नसते, किंवा २५ अंश असते. २५ अंशाचा मालेगावचा मे महिना आम्ही तरी पाहिलेला नाही. सप्लायच्या आत कपॅसिटर नावाच्या लहान नळ्या असतात. त्या ८५ अंश सोसणाऱ्या आहेत की १०५ अंश, यावर आयुष्य ठरते. साधारण ठोकताळा असा की उष्णता १० अंशांनी कमी केली की कपॅसिटरचे आयुष्य दुप्पट होते. त्यात आपल्याकडे लूमच्या आसपास कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात, ते सप्लायच्या पंख्यात आणि जाळीत जाऊन बसतात. दर दोन महिन्यांनी यंत्राची वायर काढून ब्लोअर मारावा. सप्लायचा डबा मात्र स्वतः उघडू नये. वायर काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर वीज काही काळ शिल्लक असते आणि ती जीव घेऊ शकते.

यूपीएसच्या बाबतीतही आकड्याचीच फसगत. सर्वसाधारण ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासचा असतो. आपले यंत्र ३३७ वॅटचे, पण भिंतीतून ते ३९६ घेणार. म्हणजे खेळ चालू असताना वीज गेली की यूपीएसही जाणार, आणि दोष पुन्हा सप्लायवर येणार. व्हीए सोडून वॅटचा आकडा वाचावा. गेमिंग यंत्राला १ केव्हीए तरी लागतो. वीज गेल्यापासून यूपीएसने भार उचलेपर्यंत काही मिलिसेकंद जातात. साध्या यूपीएसला दहापर्यंत लागू शकतात. चांगला सप्लाय तेवढा वेळ, सोळा-सतरा मिलिसेकंद, आपल्या पोटातल्या साठ्यावर तग धरतो. हलका धरत नाही.

अर्थिंग नसलेल्या घरात पेटीला हात लावला की मुंग्या येतात. पुष्कळजण हा सप्लायचा दोष समजून तो बदलायला आणतात. चांगल्या सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळून अर्थिंगमध्ये सोडण्याची सोय असते. अर्थिंगच नसेल तर ती गळती पेटीच्या पत्र्यावर येऊन बसते. तीन पिनांपैकी मोठी पिन कापून टाकणारे महाभाग आमच्या ओळखीत आहेत. इलेक्ट्रिशियनला चार पैसे देऊन अर्थिंग करून घ्यावे, सप्लाय बदलू नये.

तारांच्या जोडण्यांत घाई नको. ग्राफिक्स कार्डाला मदरबोर्डच्या खाचेतून ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या तारेतून आणखी ७५, आठ पिनांच्या तारेतून १५०. सप्लायमध्ये ही तार नसेल तर बाजारात हार्डडिस्कच्या, म्हणजे साटा तारेपासून जोडणी करून देणारे अडॅप्टर शंभर-दीडशे रुपयांत मिळतात. साटा जोडणीच्या १२ व्होल्टच्या तीन पिना मिळून साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट सोसतात. त्यातून ७५ किंवा १५० ओढायला लावले की प्लास्टिक वितळते. ज्या सप्लायला कार्डाची तार मुळातच नाही तो सप्लाय त्या कार्डासाठी नाही, असे समजावे. तसेच ज्या सप्लायच्या तारा सुट्या निघतात त्याच्या तारा दुसऱ्या सप्लायला लावू नयेत. तोंड बसते, पण सप्लायकडच्या बाजूच्या पिनांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि पाचच्या जागी बारा व्होल्ट गेले की एसएसडी गेलीच. मोठ्या कार्डांना २०२२ पासून जी सोळा पिनांची ६०० वॅटपर्यंतची तार आली, ती पूर्ण आत न बसल्यामुळे आरटीएक्स ४०९० ची तोंडे वितळल्याचे त्याच वर्षी गाजले होते. २०२३ मध्ये तिची रचना सुधारण्यात आली. तरीही ती शेवटपर्यंत दाबून बसवावी आणि तोंडाशीच वाकवू नये.

तपासणीविषयी दोन शब्द. दुकानदार पुष्कळदा हिरवी आणि काळी तार वायरच्या तुकड्याने जोडून पंखा फिरवून दाखवतो आणि म्हणतो, बघा, माल चालू. ही परीक्षा नव्हे. पट्टा काढून लूमची मोटर फिरवून दाखवण्यासारखे ते आहे. परीक्षा ओझ्याखाली घ्यायची. खेळ किंवा एखादा जड प्रोग्राम चालू ठेवून पिवळ्या आणि काळ्या तारेत मल्टिमीटर लावावा. ११.४ ते १२.६ च्या आत राहिले तर नियमात आहे. ओझे टाकताच ११.२ वर घसरले तर तो सप्लाय काढून ठेवावा. मल्टिमीटरला सर्व दिसत नाही हेही खरे. १२ व्होल्टवर जी बारीक थरथर असते, जिची मर्यादा १२० मिलिव्होल्ट आहे, ती ऑसिलोस्कोपवाचून दिसत नाही. म्हणून ज्या कंपनीच्या मालाची कोणीतरी उघडून, मोजून तपासणी केलेली आहे आणि जी पाच वर्षांची वॉरंटी देते, तिचा माल घ्यावा. वजनाने जड असणे ही चांगल्या मालाची खूण आहे, पुरावा नव्हे.

आणि ज्या दुकानदारांकडे यंत्र फक्त खेळताना बंद पडते अशी तक्रार येते त्यांनी रॅमला हात लावण्याआधी दुसरा चांगला सप्लाय लावून पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे. भाच्याने ते पहिल्या दिवशी केले असते तर कार्ड तीन आठवडे वॉरंटीत फिरले नसते आणि ते लग्नाचे चित्रणही वाचले असते.

भाच्याने आता बिलाचा नमुना बदलला आहे. पूर्वी "एसएमपीएस : १" एवढेच लिहीत असे. आता कंपनी, मॉडेल, वॅट आणि १२ व्होल्टचे अँपिअर असे चार रकाने आहेत, आणि खाली यंत्राच्या भुकेची बेरीज. जो ग्राहक त्यातूनही हलका सप्लायच मागतो त्याला तो यंत्र देत नाही. यात वर्षाला काही ऑर्डरी हातच्या जातात. आमच्या गुंतवलेल्या रकमेवरचा नफा तेवढा कमी झाला, आणि या बाबतीत आम्ही त्याला पुन्हा सल्ला दिलेला नाही. तो लूमवाला तरुण गेल्या वर्षी नवे कार्ड घ्यायला त्याच दुकानात आला होता. आम्ही तिथे बसलेलो होतो. त्याने दराच्या आधी अँपिअर विचारले.